दोनशे मायक्रोसेकंद

मुस्तवे गावात, पाइप्सी सरोवराच्या काठाला,
कांदे वाळवायच्या माळ्याखाली माझं टेबल.
जानेवारी उजाडला तरी वास गेलेला नाही.
टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड,
त्याला तीन वायरी:
एक जाणारी, एक येणारी, एक जमिनीची.
वीज दिली.
हूं नाही की चूं नाही.

बूटलोडर खुला आहे, कुणीही घ्यावा.
मी घेतला, आणि दुसऱ्याच्या मापाचा कोट
आपल्या अंगाला बसवतात
तशी बसले उसवत.
पत्ते बदलले. पिना बदलल्या.
वाटेत सापडल्या त्या जुन्या, कुणाच्या कुणाच्या ओळी
झाडून काढल्या.

चार दिवस पडदा काळा.
पाचव्या दिवशी कचरा आला,
चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, अर्धी मोडकी अक्षरं,
आणि मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.
कचरा आला म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे,
फक्त भलत्या वेगानं बोलतंय.

शेजारचा अवदेई मासे घेऊन आला.
सळईनं बर्फ ठोकून, आवाज ऐकून
पाय कुठं ठेवायचा ते ठरवणारा माणूस.
आमची पेटी आता बर्फाची जाडी सांगणार,
हे त्याला पटलेलं नाही.
पण नातू शहरात वाढला, त्याला सळई ऐकू येत नाही,
म्हणून तो काही बोलत नाही.
"इतके दिवस करतेस तरी काय, विर्वे?"

मी म्हटलं, वीज येते तेव्हा चिपला
काही म्हणजे काही ठाऊक नसतं.
मेमरी शेजारीच बसलेली,
पण ती आहे, हेही नाही.
कुणीतरी आधी उठून तिला उठवायचं.
मग मोठा प्रोग्राम आत येतो
आणि उठवणाऱ्याच्याच जागेवर
आपलं सामान मांडतो.

"आमचा लाझर," अवदेई म्हणाला.
"चारला उठून चूल पेटवायचा.
आम्ही उठावं तर घर ऊबदार
आणि तो केव्हाच जाळ्यांवर गेलेला.
सख्खा भाऊ, पण चेहरा नीट आठवत नाही."
कागदातले मासे त्यानं सोल्डरच्या रिळाशेजारी ठेवले.
ते तसेच राहिले, रात्री मांजरानं नेले.

मग मेमरी उठली. मोठा प्रोग्रामही आला.
शनिवारी पेटी खिडकीबाहेर ठेवली, उणे एकोणीस.
मेली.
आत आणली, जिवंत.
बाहेर, मेली.
बारा दिवस मी दार उघडत होते, लावत होते,
सरपण संपत होतं,
आणि बहीण फोनवर विचारत होती, जेवलीस का.

तेराव्या रात्री मूळ प्रत उघडली,
माझा हात लागायच्या आधीची.
मेमरी उठवायच्या जागी एक ओळ:
"इथं दोनशे मायक्रोसेकंद थांबा.
का ते माहीत नाही. थंडीत लागतं."
चौदा वर्षांपूर्वीची तारीख. तोरगेइर, नार्विक.
पहिल्याच दिवशी साफसफाईत
ती मीच उडवली होती.

ओळ जिथल्या तिथे ठेवली.
पेटी बाहेर ठेवली.
कोट न घालताच दारात उभी राहिले.
उठली.

आभाराची मेल त्याच्या पत्त्यावरून परत आली,
असा कुणी इथं नाही.
मग सगळं बांधून मूळ भांडारात पाठवलं,
त्याच्या ओळीखाली माझी जोडून:
"पाइप्सी, उणे एकोणीस. खरंच लागतं.
का ते मलाही अर्धवटच कळलं आहे.
काढू नका."

फेब्रुवारीत अवदेईनं पेटी बर्फावर मांडली.
पडद्यावर आकडा आला: तेवीस सेंटिमीटर.
त्यानं सळई उचलली, एकदा ठोकली,
मान तिरकी करून क्षणभर थांबला,
"चोवीस," म्हणाला,
आणि चालू लागला.